मिर्झाच्या नावावर गेलेली बातमी

लहान मुलांवर आभाळ कोसळतं तेव्हा बातमीदारानं कसं वागावं, यावर माझ्यासारख्या निवृत्त माणसानं काही आठवणी लिहाव्यात, असा या अंकाच्या संपादकांचा आग्रह होता. मी आनंदानं हो म्हटलं. लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत मिर्झाचं नाव आलं. कागद बाजूला टाकून दुसरा घेतला. त्यावरही मिर्झाच उतरला.

तेव्हा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढं कोडं पडायला नको. मिर्झावर मी उभा जन्म जळलो. तो माझा वैरी नव्हता. माझं त्यानं कधी वाईट केलं नाही. केलं असतं तर फार बरं झालं असतं. जळायला एक सबब मिळाली असती.

आमचं घराणं हैदराबादचं जुनं. आजोबा निजाम सरकारच्या दफ्तरात, वडील वकील. घरात मराठी, शेजारीपाजारी तेलुगू आणि कचेरीत उर्दू, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. मी सुलतान बाजारातल्या एका मराठी साप्ताहिकात बातमीदार म्हणून लागलो. वडिलांनी ती गोष्ट बरेच दिवस पाहुण्यांपासून लपवून ठेवली होती. आमचे छपाईचे खिळे एका माडीवर जुळत, खाली पायानं चालवायचं छपाईयंत्र होतं, आणि अंक गुरुवारी निघे. तोवर बातमी शिळी होऊन तिला बुरशी आलेली असे. मिर्झा होता उर्दू दैनिकात. त्याचा मजकूर संध्याकाळी कातिब आपल्या झोकदार अक्षरात लिहून काढी, तो छपाईच्या दगडावर चढे, आणि सकाळी इराण्यांच्या हॉटेलांतून चहाबरोबर मोठ्यानं वाचला जाई. दरबाराची भाषा उर्दू. दिवाण-देवडीपासून टांगेवाल्यापर्यंत सगळे त्याचं ऐकत. आमचं ऐकायला आमचेच नातेवाईक.

माणूसही दिसायला देखणा. भर उन्हाळ्यात शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आवाज इतका हळू की समोरच्याला पुढं वाकावं लागे. कोतवालीत मला बाहेरच्या बाकावर बसवत आणि त्याला आत चहा देत. मी घाम पुसत बाहेर बसायचो आणि आतून कपबशीचा आवाज ऐकायचो.

पण माझी खरी आग होती ती वेगळ्याच गोष्टीची. लोक त्याच्याशी बोलत. तो विचारत नसे तरी बोलत. ही विद्या त्याला कुठं सापडली, हे मला कळत नव्हतं.

एकदा जुन्या शहरात पावसानं एका घराची भिंत पडली. आई आणि धाकटा भाऊ गेले, दहा-अकरा वर्षांचा थोरला मुलगा राहिला. आम्ही बातमीदार तिथं धावलो. एकेक जण शेजारच्या घरात जाऊन मुलाला विचारत होता : तू कुठं होतास, भिंत पडताना आवाज कसा आला, आई काय म्हणाली. माझा नंबर आला तेव्हा तो मुलगा न थांबता, खालीवर न होता, सगळं घडाघडा सांगून मोकळा झाला. मला वाटलं, काय धीराचा पोरगा आहे! बाहेर आलो तर मिर्झा ओट्यावर बसून पडलेल्या भिंतीच्या मालकाबद्दल शेजाऱ्यांशी बोलत होता.

“तुम्ही आत गेला नाहीत?” मी विचारलं.

“नई,” तो म्हणाला. “बच्चा अब पहाड़े पढ़ रहा है, राव साहब. सुना नहीं आपने?”

खरंच, तो मुलगा पाढे म्हणावेत तसं बोलत होता. दोन दिवसांनी एका वर्तमानपत्रात त्याचं नाव, शाळेचं नाव, सगळं छापून आलं. शाळेतली पोरं त्याला ‘मलबा’ म्हणून हाका मारायला लागली. मलबा म्हणजे पडलेल्या घराचा ढिगारा. त्या मुलानं शाळा सोडली. आमच्या अंकात त्याचं नाव नव्हतं. पण ते माझ्या शहाणपणामुळं नव्हे. आमचा अंक गुरुवारी निघाला तोवर आमच्या संपादकांना ती बातमीच जुनी वाटली होती. मिर्झाच्या बातमीत मुलाचा उल्लेखच नव्हता. त्यात घरमालकाचं नाव होतं आणि त्याला पूर्वी दिलेल्या सूचना होत्या.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

अंबरपेठच्या पलीकडं तेव्हा शेतं होती. तिथं एका कारखानदारानं शोभेच्या दारूचं काम चालवलं होतं. कारखाना म्हणजे एक लांबट कौलारू घर. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत एक तेलुगू कुटुंब तिथंच राहून भुईनळे आणि बाण भरायचं. एका दुपारी ते घर उडालं. आवाज सिकंदराबादेपर्यंत ऐकू गेला म्हणतात. बाप, आई, मोठा भाऊ आणि एक काका गेले. आठेक वर्षांची मुलगी वाचली. तिचं खरं नाव मी आजही लिहिणार नाही. तेलुगूत लहान पोरीला लाडानं ‘चिट्टी’ म्हणतात, आपण तेच म्हणू.

चिट्टीला सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. अंगावर बाकी कुठं फारसं भाजलेलं नव्हतं, फक्त उजवा तळहात सोलून निघाला होता. असं का, हे डॉक्टरांनाही उमगत नव्हतं. ती कोणाशी बोलत नव्हती. सिकंदराबादेहून तिची आजी आली होती, ती दिवसभर खाटेशी बसून असे.

आमचे संपादक अण्णासाहेब मोठे सज्जन, पण या वेळी त्यांचेही डोळे चमकले.

“ती पोर काय म्हणते ते आण,” ते म्हणाले. “दुसरं काही नको. ती एकच जिवंत आहे.”

“ती बोलत नाही, अण्णासाहेब.”

“तुझ्याशी बोलत नसेल. मिर्झाशी बोलेल.”

झालं! मी तडक दवाखाना गाठला. मिर्झा तिथं आधीच बसलेला. खाटेपासून जरा दूर, स्टुलावर. हातात कागद नाही, टाक नाही. खिडकीकडं बघत बसला होता. दुसऱ्या दिवशी गेलो तरी तसाच. आजी त्याला ‘साब’ म्हणत होती आणि मला बघून पदर तोंडाशी घेऊन मान फिरवत होती. मी तिच्याशी अस्खलित तेलुगू बोलत होतो, त्याला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. तरी साब तो!

तिसऱ्या खेपेला मिर्झा नव्हता. आजी काही खायला आणायला खाली गेली होती. मी त्याच्याच स्टुलावर, त्याच्यासारखाच खिडकीकडं तोंड करून बसलो. खोटं कशाला सांगू, मी गप्प बसलो ते समजूतदारपणानं नव्हे. ते त्याला साधतं, मग मला का साधू नये, एवढाच विचार होता.

वारा सुटला होता. खोलीचं दार आपटायला लागलं, म्हणून बाहेरून जाणाऱ्या आयानं ते ओढून घेतलं आणि कडी घातली. त्या आवाजासरशी चिट्टी उठून बसली. तिची नजर कडीच्या बाजूला खिळली. दातावर दात वाजत होते. मी उठलो, दार ठोठावून उघडायला लावलं, आणि पुन्हा मिटू नये म्हणून माझी एक वहाण फटीत सरकवली. मग स्टुलावर न बसता त्या उघड्या दाराला पाठ टेकून जमिनीवरच बसलो. आता मिर्झाची नक्कल माझ्या डोक्यातून गेली होती. पोरीचं थरथरणं थांबावं एवढंच वाटत होतं.

मग ती बोलली. माझ्याकडं न बघता.

“गोळ्ळेम नेने पेट्टिना.”

म्हणजे, कडी मीच लावली.

मी काही विचारलं नाही. तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्यांच्याकडं शेळीचं करडू होतं. ते आत शिरून दारूच्या टोपल्यांत तोंड घालायचं. म्हणून आईची ताकीद होती, बाहेर जाशील तेव्हा दर वेळी बाहेरून कडी लावून जात जा. त्या दुपारी ती करडाच्या मागं गेली. कडी लावून गेली. मग आवाज झाला. ती पळत आली आणि लोखंडाची तापलेली कडी हातानं काढायला गेली.

तळहाताचं कोडं असं सुटलं.

“आईनं सांगितलं तसंच केलंस की गं तू,” मी तिच्या भाषेत म्हणालो.

“मग ते बाहेर का नाही आले?” तिनं विचारलं. “मी कडी लावली म्हणून ना?”

“मी विचारून येतो,” एवढंच म्हणालो. मूर्खासारखं बोललो असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, पत्रकार म्हणून एवढं नेमकं वाक्य मी दुसरं कधी बोललो नाही.

जिना उतरताना मनात काय होतं, तेही सांगायला हवं. दुःख होतंच. पण त्याच्याखाली एक ऊब होती : मिर्झाला जे मिळालं नाही, ते मला मिळालंय. सगळं शहर ज्या शब्दांची वाट बघत होतं ते माझ्या खिशात होते, आणि आमच्या अंकाला अजून वेळ होता. पायऱ्या संपेपर्यंत ती ऊब टिकली. खाली ओट्यावर कारखानदाराचा मुनीम उभा होता. हातात बाहुली आणि लाडवांचा पुडा. चिट्टीच्या आजीशी गोड गोड बोलत होता.

“पोरीला एवढंच विचारायचंय, अम्मा, दाराला कडी कुणी लावली. शेटजींना फार वाईट वाटतंय हो.”

माझ्या लक्षात आलं. कारखानदाराला कुठूनतरी कुणकुण लागली होती. पोरीनंच कडी लावली, असं एकदा तिच्या तोंडून निघालं की तो सुटला. माझ्या खिशातले शब्द छापले तर मी त्याचंच काम करणार होतो, आणि ही मुलगी जन्मभर आईबापांना कोंडून मारणारी म्हणून ओळखली जाणार होती. ‘मलबा’ त्यापुढं काहीच नव्हे.

मी आजीला बाजूला घेतलं आणि तेलुगूत खडसावून सांगितलं, या माणसाला वर येऊ द्यायचं नाही. मग टांगा करून अंबरपेठेकडं निघालो.

मल्लय्या नावाचा धोबी त्या घराशेजारी राहायचा. स्फोटानंतर पहिला तोच धावला होता, प्रेतंही त्यानंच इतरांबरोबर बाहेर काढली होती. माझ्या आधी येऊन गेलेल्यांनी त्याला विचारलं होतं, ज्वाळा केवढ्या होत्या, आवाज कसा होता. मी विचारलं, “माणसं कुठं सापडली?”

“मागच्या दाराशी,” तो म्हणाला. “सगळे मागच्या दाराशी होते, अय्या. पुढच्या बाजूला दारूचा साठा. आग तिथंच लागली. तिकडं कोण जाईल? मागंच पळणार.”

“मग?”

“मागच्या दाराला भलंमोठं कुलूप. माल चोरतील म्हणून शेट बाहेरून घालून जायचा. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी नेलंय ते. तसंच बंदच्या बंद.”

मी तिथंच त्याच्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसलो. चिट्टीच्या कडीपर्यंत कोणी आलंच नव्हतं. ती कडी लागलेली असती काय, नसती काय, सारखंच होतं.

ही माझी बातमी. मी मिळवलेली. ती आमच्या गुरुवारच्या अंकात कुलपासकट छापली असती, तर काय झालं असतं? आमच्या वाचकांनी हळहळ केली असती. ज्या अधिकाऱ्यानं पुढं काही करायचं त्याला मराठी येत नव्हतं. आणि तोवर मुनीम बाहुली घेऊन खाटेपर्यंत पोचला असता, कुलूप अमीनच्या कचेरीतून नाहीसं झालं असतं. बातमी लगेच निघायला हवी होती आणि उर्दूत निघायला हवी होती.

मिर्झाच्या कचेरीकडं जाताना मी दोनदा टांगा वळवायला सांगितला. टांगेवाला वैतागला. “साब, एक बार तय कर लो, घोड़ा पागल हो जाएगा.”

मिर्झानं सगळं ऐकून घेतलं. मल्लय्याचं नाव, मागचं दार, कुलूप, मुनीम. मग हळू आवाजात विचारलं, “बच्ची कुछ बोली क्या?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं क्षणभर पाहिलं. “अच्छा हुआ,” तो म्हणाला. “मेरे कू भी नई बोली.”

ही दोन वाक्यं मी आजवर असंख्य वेळा उलटीसुलटी करून पाहिली आहेत. कारण माझा संशय असा की ती त्यालाही बोलली होती, बाजारात ऐकलेल्या मोडक्या उर्दूत. माझ्या आधी. मी त्याच्यापासून जे लपवत होतो, तेच तो माझ्यापासून लपवत होता. म्हणजे आयुष्यात एकदा मला जे त्याच्याआधी मिळालं असं वाटलं, तेही कदाचित माझ्याआधी त्याचं होतं! मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी मला कबूल करावं लागलं असतं की ती बोलली होती.

“आपका नाम डालूँ?” त्यानं विचारलं.

‘घाला’ म्हणावं असं फार वाटलं. पण मुनिमानं मला त्या जिन्यावरून उतरताना पाहिलं होतं. माझं नाव आलं असतं तर ‘हा माणूस पोरीजवळ बसला होता’ हे जुळवायला त्याला वेळ लागला नसता. मी नको म्हणालो. दर दिवाळीला फटाक्यांचा पहिला आवाज झाला की मला ते ‘नको’ आठवतं आणि चकली कडू लागते.

मिर्झानं तिथूनच मला बरोबर घेऊन दवाखाना गाठला. बड्या डॉक्टरांच्या खोलीत तो अर्धा कप चहा संपेपर्यंत बसला, आणि बाहेर आला तेव्हा हुकूम सुटला होता : आजीखेरीज कोणी त्या खोलीत जायचं नाही. मुनीम नाही, बातमीदार नाहीत, मिर्झा नाही आणि मीही नाही. मी आजीला सांगून जे एका दुपारपुरतं साधलं, ते त्यानं कायमचं करून टाकलं. वर मलाच बाहेर ठेवून!

मी आजीला खाली बोलावून मल्लय्यानं सांगितलेलं सगळं तेलुगूत समजावलं. ते सगळे मागच्या दाराकडं गेले होते, पुढच्या दाराशी कोणी आलंच नाही, कडीचा काही संबंध नाही. आजीनं दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग डोळे पुसून वर गेली. आत तिनं नातीला काय सांगितलं, कसं सांगितलं, ते मी ऐकलं नाही. ते ऐकायचा हक्क माझा नव्हता, पण ऐकावंसं फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिर्झाची बातमी आली. मथळा होता, ‘मागल्या दाराचं कुलूप’. त्यात ज्वाळा नव्हत्या, किंकाळ्या नव्हत्या. मुलीबद्दल एकच ओळ होती : या घरातलं एक माणूस वाचलं आहे, त्याला निवांतपणा हवा आहे, तो आपण सर्वांनी द्यावा. बाकी सगळं त्या कुलपाविषयी. ते कोणी घातलं, का घातलं, आता ते कुठं आहे. हॉटेलात एक जण वाचत होता आणि बाकीचे चहा हातात तसाच धरून ऐकत होते. मीही ऐकत होतो. इतकं चांगलं लिहिलं होतं की माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

सरकारातून चौकशी लागली. कुलूप गायब होण्याआधीच पुरावा म्हणून सरकारात जमा झालं. कारखानदाराचा परवाना गेला, खटला चालला, शिक्षाही झाली. मुनीम पुन्हा दवाखान्यात दिसला नाही.

आमचा अंक गुरुवारी निघाला. मी जीव ओतून लिहिलं होतं. अण्णासाहेबांनी मथळा दिला, ‘अंबरपेठ येथील स्फोटासंबंधी अधिक माहिती’. शनिवारी देवळात वडिलांचे एक स्नेही भेटले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “वा! मिर्झाच्या लेखाचं भाषांतर झकास केलंयस हो.”

वडील शेजारीच उभे होते. मी म्हटलं, “हो, जमलं थोडंफार.”

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं या धंद्यात काढली. अपघात, दंगली, पटकीच्या साथी पाहिल्या आणि त्या सगळ्यांत पोरं पाहिली. मोठ्यांनी सांगण्यासारखं जे असतं ते मोठ्यांनाच विचारायचं. पोर बोललंच तर ते आपल्याशी बोललं, आपल्या वाचकांशी नव्हे, एवढं ध्यानात ठेवायचं. जिथं नाव दिल्यानं त्याला उद्या शाळेत, पाणवठ्यावर, लग्नाच्या बोलणीत अडचण येईल तिथं नाव द्यायचं नाही. नवशिक्यांना मी हे सांगायचो. ते विचारत, “सर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?” मी विषय बदलायचो.

निजामी गेली, राज्यं बदलली, आमचं साप्ताहिक बंद पडलं आणि मी दुसरीकडं लागलो. मिर्झा निवृत्त झाला तेव्हा त्याचा जंगी सत्कार ठरला. मला निमंत्रण होतं. न जाण्याची तीन-चार कारणं मी तयार ठेवली होती, पण बायको म्हणाली, “तुम्ही गेला नाहीत तर रात्रभर तळमळाल. गेलात तर निदान जेवण तरी मिळेल.” गेलो.

सभागृह भरलं होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक तिशीच्या आतली बाई येऊन बसली. कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल, हातात मोगऱ्याचा हार. ती कोण, हे मला तिच्या उजव्या तळहातावरून कळलं. तिथली कातडी गुळगुळीत आणि चकाकणारी होती.

निवेदकानं मिर्झाच्या कारकिर्दीतल्या गाजलेल्या बातम्या वाचून दाखवल्या. ‘मागल्या दाराचं कुलूप’ म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची बाई माझ्याकडं वळून तेलुगूत म्हणाली, “ते आमचं घर होतं. मी लहान होते. मला त्या दिवसांतलं फारसं काही आठवत नाही. पण आजी सांगायची, वर्तमानपत्रातल्या साबनी स्वतः जाऊन विचारून आणलं की आमची माणसं मागच्या दाराकडं गेली होती. साब नसते तर आम्हाला कधी कळलंच नसतं.”

“हो का?” मी म्हणालो.

“तुम्हीही वर्तमानपत्रात होता का? तुम्हाला काही माहीत आहे त्या वेळचं?”

मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं नुसती उत्सुकता होती. कडीबद्दल आपण कोणाला काही बोललो होतो, हे तिला आठवत असल्याची एक रेघही नव्हती. मी ‘हो’ म्हटलं असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्याच्या पुढचा.

“नाही,” मी म्हणालो. “मी दुसरीकडं होतो.”

तेवढ्यात निवेदकानं तिला हार घालायला वर बोलावलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, मग मूल माझ्यापुढं धरलं. “जरा घेता का याला? आलेच मी.”

ती व्यासपीठावर गेली. तिनं मिर्झाच्या गळ्यात हार घातला, वाकून त्याच्या पायांना हात लावला. मिर्झानं तिला उठवलं, आणि तिच्या डोक्यावरून त्याची नजर मला शोधत खाली आली. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्या पोरानं माझा चष्मा ओढून काढला होता आणि दुसऱ्या मुठीत माझी कॉलर घट्ट धरली होती. माझे दोन्ही हात त्याला सांभाळण्यात गुंतले होते. टाळ्या मी वाजवल्या नाहीत. हात मोकळे असते तरी वाजवल्या नसत्या.